मित्रांच्या आठवणी आणि इतिहासाचे साधन : अतुल चिटणीस यांच्या निमित्ताने

प्रस्तावना :
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेली दप्तरे सांभाळण्यासाठी पुढच्याच महिन्यात तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. अस्सल कागद हे इतिहासाचे पहिले साधन, ही शिस्त खानदेशात इतिहास शिकविणाऱ्या आपणा सर्वांना तेथूनच मिळाली आहे. परंतु ज्या समूहाने कागद फारसा वापरलाच नाही, ज्याचा पत्रव्यवहार, वादविवाद आणि मैत्रीही टेलिफोनच्या तारेवरून झाली, त्याचा इतिहास कशाच्या आधारे लिहावयाचा? भारतातील हॅकर समूहाचे एक अग्रणी अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांच्या निमित्ताने प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

'हॅकर' या शब्दाचे दुर्दैव :
प्रथम शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५०-६०च्या दशकांत रेल्वेच्या प्रतिकृतींचा छंद जोपासणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळात हा शब्द रूढ झाला. यंत्र आतून समजून घेणारा, त्यात कल्पक बदल करणारा आणि आपले ज्ञान इतरांना विनासंकोच देणारा तो हॅकर. आपल्याकडे मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६ चे शीर्षकच 'हॅकिंग' असे होते आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. २००८ च्या दुरुस्तीने, जी २००९ मध्ये अमलात आली, ते शीर्षक बदलले. परंतु वृत्तपत्रांतील आणि वर्गातील अर्थ बदलला नाही. हॅकर म्हटले की आजही आपल्या विद्यार्थ्यांना बँकेच्या खात्यातून पैसे पळविणारा भामटाच आठवतो. एका समूहाने अभिमानाने धारण केलेले नाव कायद्याने गुन्ह्याला दिले, तर त्या समूहाच्या आठवणी सांगावयास लोक पुढे कसे येणार?

तारेवरचा कट्टा :
चिटणीस यांचा जन्म जर्मनीतला, जडणघडण बेळगावातली आणि कार्यक्षेत्र बंगळूर. १९८९ मध्ये त्यांनी 'सीआयएक्स' हे बुलेटिन बोर्ड सुरू केले. सामान्य नागरिकांसाठी विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या उपक्रमाचे अगोदरपण कळते.

बुलेटिन बोर्ड म्हणजे घरातील एक संगणक, त्याला मोडेम आणि मोडेमला टेलिफोन. बाहेरच्या व्यक्तीने आपल्या संगणकावरून तो क्रमांक फिरवावयाचा, आधीचे निरोप वाचावयाचे, आपला निरोप ठेवावयाचा व जोडणी तोडावयाची. एकच तार असेल तर एका वेळी एकालाच प्रवेश, बाकीचे ताटकळत. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरत, हे ज्यांनी बूथवर रांगा लावल्या त्यांना सांगावयास नको. सेकंदाला २४०० बिट वेगाच्या मोडेमवरून एक मेगाबाइट मजकूर आणण्यास सव्वा तास लागत असे. एवढी खटपट करून जो निरोप येई, तो लक्षपूर्वक वाचला जाई. चेहरा न पाहिलेल्या माणसांची मैत्री अशा संथ गतीने जमली.

या मैत्रीची कागदपत्रे मात्र एका घरातील एका तबकडीवर होती. बोर्ड बंद पडले, संगणक मोडीत गेला, की दप्तर संपले. राजवाड्यांना वाण्याच्या दुकानात रद्दीला निघालेले कागद तरी सापडू शकत होते. आमच्या विभागाच्या कपाटात फ्लॉपींचा एक गठ्ठा आहे. त्यांवर काय आहे हे कुणालाच माहीत नाही, कारण त्या वाचणारे यंत्र महाविद्यालयात उरलेले नाही.

चकती आणि संमेलन :
१९९६ मध्ये 'पीसीक्वेस्ट' मासिकाने आपल्या अंकासोबत लिनक्स ही प्रणाली सीडीवर वाटण्यास सुरुवात केली. या उपक्रमात चिटणीस यांचा मोठा वाटा होता. सेकंदाला २८,८०० बिट या त्या काळच्या उत्तम वेगानेही ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरविण्यास अखंड दोन दिवसांहून अधिक वेळ लागला असता. इंटरनेट ज्या गावी पोहोचलेच नव्हते तेथे तर टपालाने येणारा अंक हाच मार्ग होता. रावेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून पाहता मला हे कार्य त्यांच्या अन्य कोणत्याही कार्याहून मोलाचे वाटते.

२००१ मध्ये बंगळूर येथे 'लिनक्स बंगळूर' हे संमेलन सुरू झाले. २००५ पासून त्याचे नाव 'फॉस डॉट इन' झाले. येथे चिटणीस यांचा आग्रह बदलला. लिनक्स वापरा, असे सांगणे पुरे झाले. आता तिच्या घडणीत आपली भर घाला, असे ते म्हणू लागले. फुकट मिळते म्हणून घेणारा समाज आणि घडविणारा समाज यांतील हा भेद अनेकांना रुचला नाही. २०१२ मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले. संमेलनाचे अखेरचे अधिवेशन त्याच वर्षी झाले आणि ३ जून २०१३ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मित्राची साक्ष :
मृत्यूनंतर मित्र जे लिहितात ते साधन म्हणून किती ग्राह्य? शोकाच्या क्षणी लिहिलेल्या मजकुरात कटुता गाळली जाते. चिटणीस स्पष्टवक्ते होते. सॉफ्टवेअरला 'मुक्त' म्हणावे की 'खुले', हा वाद या समूहात धर्ममताइतक्या त्वेषाने लढला गेला आणि त्यात ते व्यवहाराच्या बाजूने उभे होते. हे भांडण वगळून केलेले स्मरण अपुरे ठरते. पण ते भांडण आतून कुणाला माहीत असते? जुन्या मित्रालाच. म्हणून त्याची साक्ष तपासून घ्यावी, पण घ्यावीच, असे माझे मत आहे.

याला पुरावा आपल्याच मातीत आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी ओठांवर होती. पुत्र सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती उतरून घेतली, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक होऊ शकले. शिकागोत १९७८ मध्ये जगातील पहिले बुलेटिन बोर्ड उभारणारे दोघे मित्र आता नाहीत; रँडी स्यूस २०१९ मध्ये गेले, वॉर्ड क्रिस्टेन्सन २०२४ मध्ये. आपल्याकडे त्या काळी रात्री मोडेम लावून बसणारे तरुण आज पन्नाशी-साठीत आहेत. मौखिक इतिहासाचा प्रकल्प हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांना प्रथम यंत्राविषयी विचारू नये. पहिल्यांदा जोडणी लागली त्या रात्री तारेच्या पलीकडे कोण होते, एवढेच विचारावे.