मोबाइलने फिजिक्सचं प्रॅक्टिकल: 'जी' मोजा, आणि आलेलं उत्तर खोडू नका

बारावी सायन्सला फिजिक्सच्या १०० पैकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात. जर्नल लिहिताना आपल्यापैकी बऱ्याच जणांनी एक उद्योग केलेला असतो. आधी उत्तर लिहायचं ९.८, मग उलटं गणित करून रीडिंग भरायची. मीसुद्धा केलंय. एक स्टॉपवॉच, त्याभोवती आम्ही दहा जण, घाईत १० दोलनं मोजली आणि माझं उत्तर आलं ९.६. ते खोडून मी ९.८१ केलं. पुढे नोकरीत सेन्सरच्या डेटावर काम करायला लागलो तेव्हा कळलं, की माझं ९.६ चुकीचं नव्हतं, फक्त अर्धवट लिहिलेलं होतं.

तो प्रयोग आज घरीच करू. सामान: स्मार्टफोन, शिवणाचा दोरा, हार्डवेअरच्या दुकानातला एक जड नट आणि मीटरटेप.

'जी' सगळीकडे सारखं नसतं

'जी' म्हणजे गुरुत्व त्वरण. पृथ्वी विषुववृत्ताजवळ किंचित फुगलेली आहे आणि ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे 'जी' विषुववृत्तावर ९.७८ तर ध्रुवावर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं. पुस्तकातलं ९.८१ लंडनसारख्या शहराला बरोबर बसतं. गोंदिया जिल्ह्यातलं आमचं कोहमारा मुंबई-कोलकाता हायवेवर, साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. अक्षांशाच्या सूत्राने इथलं 'जी' येतं सुमारे ९.७९. म्हणजे जे ९.८१ आणण्यासाठी आपण रीडिंग बदलतो, ते आपल्या गावाचं उत्तरच नाही!

प्रयोग १: दोरा, नट आणि फोनचं स्टॉपवॉच

१. दोऱ्याला नट बांधून लोलक टांगा. पंखा आणि कूलर बंद करा.
२. नट लटकलेला असतानाच लांबी मोजा, कारण वजनाने दोरा थोडा ताणला जातो. टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत १ मीटर ठेवा.
३. नट ८-१० सेंटिमीटर बाजूला घेऊन अलगद सोडा. धक्का देऊ नका.
४. नट मधल्या जागेवरून जाताना स्टॉपवॉच सुरू करा. तिथे त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून क्षण नेमका पकडता येतो.
५. मोजणी 'शून्य' म्हणून सुरू करा. नट त्याच दिशेने पुन्हा मधून गेला की 'एक'. अशी २० दोलनं मोजा.
६. हे पाच वेळा करून वेळेची सरासरी काढा.

सूत्र: 'जी' = ३९.४८ × लांबी ÷ (एका दोलनाचा वेळ)²

उदाहरणार्थ, १ मीटर लांबीला २० दोलनांना ४०.२ सेकंद लागले, तर एका दोलनाला २.०१ सेकंद आणि 'जी' येतं ९.७७.

उत्तर कुठे बिघडतं?

बोटाचा उशीर: बटण दाबण्यात ०.२ सेकंदांची चूक धरा. एकच दोलन मोजलं तर २ सेकंदांत ती १० टक्के होते आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्याने 'जी'मध्ये २० टक्के. २० दोलनं मोजली की तीच चूक 'जी'मध्ये फक्त १ टक्का उरते. जास्त दोलनं मोजायला सांगतात ती यासाठीच.

लांबी: नटाच्या मध्याऐवजी गाठीपर्यंत मोजलं आणि १ सेंटिमीटर कमी धरलं, तर 'जी' ०.१ ने कमी येतं.

कोन: हे सूत्र लहान कोनासाठी आहे. लोलक ३० अंशांवरून सोडला तर 'जी' सुमारे ०.३ ने कमी येतं.

मोजणी: उत्तर १०.८ च्या आसपास आलं तर बहुतेक तुम्ही 'शून्य'ऐवजी 'एक'पासून मोजलंय. दोलनं झाली १९, धरली २०.

यातली बोटाची चूक कधी इकडे, कधी तिकडे जाते. तिला रँडम एरर म्हणतात आणि सरासरी घेतली की ती कमी होते. लांबीची चूक मात्र दरवेळी एकाच बाजूला ओढते. ही सिस्टिमॅटिक एरर. शंभर वेळा प्रयोग केला तरी ती जात नाही, तिचं कारणच शोधावं लागतं.

याचं जुनं उदाहरण आपल्या विदर्भाशी जोडलेलं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी त्याने १८०२ साली मद्रासजवळून भारताची त्रिकोणी मोजणी सुरू केली आणि काम चालू असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची १०० फुटी पोलादी साखळी उन्हात लांब व्हायची. साधारण ३० मीटर साखळीत १० अंश सेल्सिअसला साडेतीन मिलिमीटर वाढ होते. तेवढी चूक प्रत्येक वेळी साखळी टाकताना जमत गेली असती. म्हणून साखळीजवळ थर्मामीटर ठेवून तिची लांबी तापमानाप्रमाणे दुरुस्त केली जायची.

प्रयोग २: फोन उलटा करून

फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो. चिपवर सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. तो किती सरकला ते इलेक्ट्रॉनिक सर्किट मोजतं. टेबलावर शांत पडलेल्या फोनमध्येही तो सरकलेलाच असतो, म्हणून रीडिंग शून्य नाही, ९.८ च्या आसपास येतं.

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे ॲप फुकट आहे. त्यात गुरुत्वासकट त्वरण दाखवणारा पर्याय निवडा. फोन सपाट टेबलावर स्क्रीन वर करून ठेवा आणि झेड अक्षाचं रीडिंग लिहा. मग स्क्रीन खाली करून पुन्हा घ्या (कव्हर काढून, कॅमेरा किंवा कव्हरच्या उंचवट्याने फोन तिरका होतो). समजा आकडे आले ९.९१ आणि उणे ९.६९. चिन्ह सोडून सरासरी काढली की ९.८०. सेन्सरचं शून्य ०.११ ने सरकलेलं होतं, ते उलटं केल्यावर कटून गेलं. सिस्टिमॅटिक एरर पकडायची ही साधी युक्ती आहे. घर हायवेलगत असेल तर ट्रक गेल्यावर ग्राफ थरथरतो, तेवढा भाग सोडून द्या.

फायफॉक्समध्ये लोलकाचाही प्रयोग आहे. त्यात फोनलाच टांगायचं असतं आणि जायरोस्कोप वेळ मोजतो. बोटाची चूक जाते, पण लांबी फोनच्या मध्यापर्यंत नेमकी मोजावी लागते. खाली उशी ठेवा. काही स्वस्त फोनमध्ये जायरोस्कोप नसतो, मग पहिलीच पद्धत वापरा.

उत्तर कसं लिहायचं?

माझ्या ९.६ कडे परत येऊ. १ मीटरच्या लोलकाची १० दोलनं म्हणजे २० सेकंद. ०.२ सेकंदांची चूक म्हणजे वेळेत १ टक्का, 'जी'मध्ये २ टक्के, म्हणजे ०.२. मग उत्तर होतं ९.६ ± ०.२. अर्थ असा, की खरं 'जी' ९.४ ते ९.८ च्या मध्ये असावं. आपल्याकडचं ९.७९ त्यात बसतं. खोडायची काही गरजच नव्हती.

म्हणून जर्नलमध्ये तीन गोष्टी लिहा: आलेलं उत्तर, त्यापुढे ±, आणि ती चूक कुठून आली असावी याची एक ओळ. व्हायवाला "९.८१ का नाही आलं?" असं विचारलं तर तुमच्याकडे सांगायला खरं उत्तर असेल. बनवलेल्या रीडिंगवर असा प्रश्न आला, तर गप्प बसण्यापलीकडे काही करता येत नाही.