शिकल: तलवारीची आणि तंबोऱ्याची

कोल्हापूरहून पूर्वेला साधारण पन्नास किलोमीटरवर मिरज. तंबोरे, सतारी घडवणारं गाव. 2024 मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या कारागिरीची गोष्ट आपण नेहमी अशी सांगतो: संस्थानी काळात शस्त्रं दुरुस्त करणारे शिकलगार होते, इंग्रजी अमलात शस्त्रांचं काम आटलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. म्हणजे युद्धाकडून संगीताकडे!

गोष्ट छान आहे. पण मला वाटतं, एक धागा आपल्या हातून निसटतो. 'शिकल' म्हणजे मुळात काय? धातू घासून, उजळून आणलेली झिलई. म्हणजे धंदा बदलला, पण उजळण्याचं काम हातात राहिलंच की.

फक्त पोलादाच्या जागी आलं लाकूड आणि मंगळवेढा-पंढरपूर भागातला भोपळा. दोघांनाही ओल आणि घाम यांचं वावडं. त्यावर उपाय चपड्याचा. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या लाखेच्या किड्यांपासून ही राळ मिळते. पातळ चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापडात कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि एकावर एक झिरझिरीत हात फिरवायचे. स्पिरिट उडून जातं, पारदर्शक लाख उरते. थर जाड झाला तर आवाज दबण्याची भीती, म्हणून घाई चालत नाही. जुन्या काळी बिलियर्ड्सच्या क्यूच्या मुठीलाही अशीच लाख लागायची. तिथं आवाजाचा प्रश्न नव्हता, हाताच्या घामाचा होता.

शाहू महाराजांच्या काळात अल्लादियाखाँ कोल्हापूर दरबारी गात होते, अब्दुल करीमखाँ मिरजेत राहिले. या गायकांच्या मागे झंकारणाऱ्या तंबोऱ्यांना गाण्याइतकंच प्रवासालाही तोंड द्यावं लागे. ओरखडे यायचेच.

आणि इथंच लाखेचा खरा गुण दिसतो. ती तशी नाजूक. उन्हानं मऊ पडते, पाण्याचा पांढरा डाग धरते. पण नवा हात फिरवला की त्यातल्या स्पिरिटनं जुना थर विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. वाद्य खरवडावं लागत नाही. पॉलियुरेथेनचं तसं नाही. ते टणक, पाण्याला दाद न देणारं, पण वाळलं की नव्या थराशी विरघळून एक होत नाही. नीट दुरुस्ती करायची तर घासून काढा.

म्हणून मानांकनाचा आनंद मानताना मला एक गोष्ट जपावीशी वाटते. नाव कागदावर सुरक्षित झालं, चांगलं झालं. पण पन्नास वर्षांनी कुणीतरी बोळा घेऊन बसेल आणि आजचा तंबोरा पुन्हा उजळेल, ही सोय कागद करत नाही. ती आपण कोणतं पॉलिश मागतो आणि त्याला लागणाऱ्या दिवसांचे पैसे देतो का, यावर ठरते. तेव्हा तंबोरा घ्यायला जाल, तर सुराबरोबर एवढंही विचारा: वर लाख आहे ना?