अंतर्गळ शस्त्रक्रियेचा इतिहास : वेदना व स्वास्थ्यलाभ

उदरभित्तीतील एखाद्या दुर्बल जागेतून आतड्याचा वा अन्य इंद्रियाचा भाग पर्युदराच्या (उदरगुहेच्या आतील पातळ आवरणाच्या) पिशवीसह बाहेर येऊ लागला, म्हणजे त्या विकृतीला अंतर्गळ (हर्निया) म्हणतात. जांघेतील म्हणजे वंक्षण अंतर्गळ हा त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार होय. गर्भावस्थेत वृषणे उदरातून खाली उतरताना उदरभित्तीत जो मार्ग तयार होतो, तो पुढेही काहीसा दुर्बल राहतो. त्यामुळे हा विकार स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो. औषधांनी हे छिद्र बुजत नाही. शस्त्रक्रिया हाच त्यावरील कायमचा उपाय आहे. सुमारे शंभर वर्षे या शस्त्रक्रियेचे यश ‘अंतर्गळ पुन्हा उद्भवला की नाही’ या एकाच कसोटीवर जोखले जात असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘रुग्णाला वेदना किती झाली व ती किती काळ टिकली’ ही दुसरी कसोटी तिच्या बरोबरीने पुढे आली. दुर्बिणीद्वारे केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचे महत्त्व व तिच्या मर्यादा या बदलाच्या संदर्भातच नीट समजतात.

प्राचीन काळ : ईजिप्तमधील इ. स. पू. सु. १५५० च्या एबर्स पपायरसात या विकाराचा निर्देश आढळतो. सुश्रुतसंहितेत ‘वृद्धी’ या रोगाचे सात प्रकार सांगितले असून ‘अंत्रवृद्धी’ हा त्यांपैकी एक होय. इ. स. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस यांनी अंतर्गळावरील शस्त्रक्रियेचे वर्णन केले आहे. मध्ययुगीन यूरोपात शस्त्रक्रियेच्या वेळी त्या बाजूचे वृषण काढून टाकण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. वेदना, रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांच्या भीतीमुळे बहुसंख्य रुग्ण जांघेवर पट्टा बांधून दिवस काढीत. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडल्यास मृत्यू बहुधा अटळ असे.

टाक्यांची दुरुस्ती : १८४६ मध्ये बॉस्टन येथे ईथराने रुग्ण बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करता येते, हे सिद्ध झाले (⇨ संवेदनाहरण). १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी पूतिरोधक (जंतूंची वाढ रोखणारी) पद्धती प्रसिद्ध केली. या दोन शोधांमुळे जांघेचे सर्व थर उलगडून दुरुस्ती करणे शक्य झाले. ते प्रथम पद्धतशीरपणे केले इटलीतील पाद्वा येथील एद्वार्दो बास्सीनी (१८४४–१९२४) यांनी. तरुणपणी, १८६७ मध्ये, गॅरिबॉल्डींच्या स्वयंसेवकांबरोबर लढताना बास्सीनी यांना स्वतःच्या जांघेत संगिनीची जखम झाली होती. १८८४ पासून त्यांनी अंतर्गळाची पिशवी काढून स्नायूंचे थर टाक्यांनी पुन्हा बांधण्यास आरंभ केला आणि १८९० मधील लेखात २६२ शस्त्रक्रियांचा आढावा घेतला. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी जवळजवळ त्याच काळात स्वतंत्रपणे तशीच पद्धती योजिली.

या दुरुस्तीत एक उणीव होती. एकमेकांपासून दूर असलेले थर ओढून शिवल्याने टाक्यांवर ताण पडे. त्यामुळे वेदना अधिक होई आणि पुढे टाके ऊतकांतून (समान पेशींच्या समूहांतून) कापत जाऊन अंतर्गळ पुन्हा उद्भवे. टाके तुटतील या भीतीने रुग्णाला दीर्घकाळ अंथरुणावर निजवून ठेवीत. हार्वी कुशिंग यांनी १९०० मध्ये स्थानिक संवेदनाहरणाखाली ही शस्त्रक्रिया करण्याविषयी लेख लिहिला व त्यात जांघेतील तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) रचनेचेही विवेचन केले. वेदनेचे मूळ तंत्रिकांत शोधण्याची ही दृष्टी पुढे फार उपयोगी ठरली. एडवर्ड अर्ल शोल्डाइस (१८९०–१९६५) यांनी १९४५ मध्ये कॅनडातील टोराँटो येथे केवळ अंतर्गळासाठी रुग्णालय काढले. स्थानिक संवेदनाहरण आणि शस्त्रक्रियेनंतर लवकर हिंडणेफिरणे ही त्यांच्या पद्धतीची वैशिष्ट्ये होत. लवकर उठल्याने दुरुस्ती उसवत नाही, हे त्यांच्या अनुभवाने दाखविले.

जाळीचा उपयोग : थर ओढण्याऐवजी छिद्रावर ठिगळ लावले, तर ताणच राहणार नाही, या विचारातून कृत्रिम जाळीचा वापर सुरू झाला. फ्रान्सिस अशर यांनी अमेरिकेत १९५८ पासून प्लॅस्टिकच्या जाळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. लॉस अँजेल्स येथील अर्व्हिंग लिख्टेनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये ‘ताणविरहित’ दुरुस्तीचा अहवाल मांडला व ती पद्धती जगभर पसरली. भारतातील ग्रामीण रुग्णाला विदेशी जाळीची किंमत परवडणारी नव्हती. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील रवींद्रनाथ टोणगावकर व सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेल्या मच्छरदाणीच्या कापडाचा जाळीसारखा उपयोग करून त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. युगांडात अशाच स्वस्त जाळीची महाग जाळीशी तुलना करण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत एका वर्षानंतर दोहोंच्या फलितांत लक्षणीय फरक दिसला नाही. पुण्याचे मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये, जाळी न वापरता रुग्णाच्याच कंडरापटाची (स्नायूच्या पसरट, चिवट टोकाची) पट्टी वापरण्याची पद्धती प्रसिद्ध केली.

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया : स्टॉकहोम येथील हान्स क्रिस्तियान याकोबेयस यांनी १९१० मध्ये मानवी उदरगुहेत दर्शकनलिका घालून पाहणी केली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहमटन उदवाडिया यांनी १९७२ मध्ये निदानासाठी व १९९० मध्ये पित्ताशय काढण्यासाठी हे तंत्र वापरले. अंतर्गळासाठी राल्फ गेर यांनी १९८२ मध्ये या मार्गाची नोंद केली. १९९० नंतर तो प्रचारात आला. यात सामान्यतः तीन लहान छेदांतून दुर्बीण व उपकरणे घालतात, कार्बन डाय-ऑक्साइड वायूने जागा फुगवितात आणि उदरभित्तीच्या मागील बाजूस मोठी जाळी पसरतात. उदरातील दाब जाळीला आतून भित्तीवर दाबून धरतो. पर्युदर उघडून किंवा त्याच्या बाहेरूनच, अशा दोन रीतींनी ही शस्त्रक्रिया करतात. तिला बहुधा संपूर्ण शुद्धिहरण लागते.

वेदना व स्वास्थ्यलाभ : जांघेवर मोठा छेद नसल्याने पहिल्या दिवसांतील वेदना कमी असते. छेदांच्या जागी दुखणे, जांघेत व वृषणकोशावर निळसर डाग वा सूज येणे आणि उरलेल्या वायूमुळे एकदोन दिवस खांदा दुखणे, हे अनुभव सामान्य आहेत. खांद्यात काहीच विकार नसतो; मध्यपटलाला झालेला क्षोभ सामाईक तंत्रिकामार्गामुळे तेथे जाणवतो. ब्रिटन व आयर्लंडमधील २६ रुग्णालयांतील ९२८ रुग्णांच्या चाचणीत (१९९९) दुर्बिणीच्या गटातील रुग्ण साधारण १० दिवसांत, तर खुल्या शस्त्रक्रियेच्या गटातील १४ दिवसांत नित्य व्यवहाराला लागले. एका वर्षानंतर जांघेत दुखणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २८.७ व ३६.७ टक्के होते. पुनरुद्भव मात्र केवळ दुर्बिणीच्या गटात झाला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील चाचणीत (२००४) दोन वर्षांनंतर पुनरुद्भवाचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के व खुल्या गटात ४.९ टक्के आढळले. अतिशय अनुभवी शस्त्रक्रियातज्ज्ञांच्या हाती हा फरक उरला नाही. तंत्राचा लाभ करणाऱ्याच्या सरावावर अवलंबून असतो, हे यातून स्पष्ट झाले.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला चिरकारी वेदना म्हणतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार लक्षात घेण्याजोगी अशी वेदना १० ते १२ टक्के रुग्णांत आढळते व काळानुसार कमी होते. दैनंदिन जीवन अडविणारी वेदना ०.५ ते ६ टक्के रुग्णांत राहते. तंत्रिका कापली जाणे, टाक्यात वा व्रणऊतकात सापडणे ही तिची प्रमुख कारणे होत. पुढील छेदात तीन तंत्रिका धोक्यात येतात. मागील मार्गाने त्या टळतात, परंतु मांडीकडे जाणाऱ्या तंत्रिकांवर जाळीची खीळ बसू शकते. म्हणून त्या क्षेत्रात खिळा मारीत नाहीत. महिनोन्‌महिने विश्रांतीचा जुना सल्लाही मागे पडला असून, वेदना सोसेल त्या मानाने रुग्णाने लवकरात लवकर नेहमीची कामे सुरू करावीत, अशी शिफारस त्याच तत्त्वांत आहे.

चिरकारी वेदनेच्या या जाणिवेमुळे, त्रास न देणाऱ्या अंतर्गळावर शस्त्रक्रिया करावीच का, हा प्रश्न निर्माण झाला. अमेरिकेतील ७२० पुरुषांच्या चाचणीत (२००६) शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवलेल्यांत आतडे अडकण्याचा तातडीचा प्रसंग क्वचितच आला. दहा वर्षांत मात्र त्यांपैकी सु. ६८ टक्के पुरुष शस्त्रक्रियेकडे वळतील, असे अनुमान पुढील पाहणीत निघाले. तसे करण्याचे प्रमुख कारण वेदना हेच होते. छिद्र बुजविण्याचे तंत्र आज सुस्थिर झाले आहे. कोणत्या रुग्णाची वेदना शस्त्रक्रियेने जाईल व कोणाला नवी वेदना जडेल, हे आधी ओळखणे हा या शाखेपुढील मुख्य प्रश्न आहे.