नळीची दोन टोकं

कंदिलाची काच म्हणजे खरं तर एक नळी. पोटाशी फुगलेली, वर आणि खाली उघडी. आतली हवा ज्योतीने तापते, हलकी होते आणि वरच्या तोंडातून निघून जाते. तिची जागा घ्यायला खालून नवी हवा ओढली जाते. काच काढून टाका. तीच वात, तेच तेल, पण ज्योत लाल पडते, फडफडते आणि काजळी धरते. काच वाऱ्यापासून ज्योत वाचवते हे सगळ्यांना दिसतं. ती ज्योतीला हवा ओढून देते हे चटकन लक्षात येत नाही.

हे तंत्र नीट जुळवलं जिनिव्हाच्या एमे आर्गां यांनी, १७८०च्या सुमारास. गोल पोकळ वात आणि तिच्याभोवती उभी नळी, एवढाच त्यांचा दिवा, पण त्या काळच्या साध्या दिव्यांपेक्षा कितीतरी पटीने उजळ. पुढे खनिज तेल आलं आणि अमेरिकेत जॉन आयर्विन यांनी १८६०-७०च्या दशकांत कंदिलाच्या दोन्ही बाजूंनी हवा खेळवणाऱ्या पत्र्याच्या नळ्या बसवल्या. डिट्झ कंपनीने हे कंदील जगभर विकले. वादळातही न विझणारा म्हणून त्याचं नाव हरिकेन. तो आपल्याकडे आला तेव्हा त्याच्यासोबत शब्दही आले. ‘गॅसलाइट’चं घासलेट झालं, ‘रॉक ऑइल’चं रॉकेल झालं. गंमत म्हणजे ‘चिमणी’ हा शब्द मात्र आपण काच नसलेल्या, धूर ओकणाऱ्या पत्र्याच्या दिव्याला देऊन टाकला. ज्याच्या घरी पैसा त्याच्याकडे कंदील, ज्याच्या घरी नाही त्याच्याकडे चिमणी. मधला फरक त्या नळीचा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे कुठलीही वस्तू पाहिली की पहिला प्रश्न येतो: ही कशावर अवलंबून आहे? तुमचा कोड तुम्ही लिहिलेला असतो, पण तो ज्या दहा लायब्रऱ्यांवर उभा असतो त्या दुसऱ्याच्या असतात. कंदिलाच्या काचेचा इतिहास वाचताना मला तोच प्रश्न वारंवार भेटला, आणि तो शंभर वर्षांपूर्वी माझ्याच जिल्ह्यात कुणीतरी विचारला होता. पण वर्ध्याला पोचायच्या आधी तळेगावला थांबावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या घरांतल्या बांगड्या, बाटल्या, कंदिलांच्या काचा मोठ्या प्रमाणात ऑस्ट्रिया आणि जर्मनीहून येत. काच ओतणारे कारागीर आपल्याकडे नव्हते असं नाही. बांगड्या आणि मणी इथे दोन हजार वर्षांपासून होतात. पण एकसारख्या जाडीची, हजारांनी बनणारी, तापून न तडकणारी नळी हा वेगळा धंदा होता, आणि तो शिकवणारी जागा नव्हती.

अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी त्यावर एक साधी कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या पैशातून देशी उद्योग उभे करावेत. नाव पडलं ‘पैसा फंड’. आज आपण याला क्राउडफंडिंग म्हणू, पण तेव्हा ना यूपीआय होतं ना क्यूआर कोड. तेव्हाच्या रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांपुढे हात पसरायचा, हजार रुपयांसाठी चौसष्ट हजार माणसांपुढे. टिळकांनी ‘केसरी’चं बळ या कल्पनेमागे उभं केलं, स्वयंसेवक डबे घेऊन फिरले, आणि १९०८ साली मुंबई-पुणे रेल्वेवरच्या तळेगाव दाभाडे इथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी टिळकांना शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आलं.

कारखान्याची सूत्रं ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. उत्तर भारतातले, आधी जपानमध्ये आणि मग अमेरिकेत एमआयटीत शिकलेले. तळेगाव हा कारखाना होता तितकीच शाळाही होती. मुलांनी यावं, भट्टीपुढे उभं राहून काम शिकावं आणि आपापल्या गावी जाऊन कारखाने काढावेत, हा हेतू. स्वतः वार्ष्णेयांनी पुढे संयुक्त प्रांतात बहजोईला काच कारखाना उभा केला, आणि तळेगावला शिकलेले हात देशभरच्या भट्ट्यांवर पोचले.

हे काम म्हणजे नेमकं काय होतं? वाळू, सोडा, चुना आणि फुटक्या काचेचे तुकडे मुशीत घालून भट्टीत वितळवायचे. कारागीर लांब लोखंडी फुंकनळीच्या टोकावर मधासारखा घट्ट रस गुंडाळून घेतो. नळी सतत फिरवत राहायची. थांबलात की रस एका बाजूला ओघळतो. लोखंडी पाटावर घोळून आकार द्यायचा, थोडी फुंकर घालायची, मग ओल्या साच्यात धरून पुन्हा फुंकायचं. साच्यातही नळी फिरवायची म्हणजे काचेवर सांध्याची रेघ उमटत नाही. तयार होतो तो बंद फुगा. त्याची दोन्ही टोकं कापून काढायची, धारा ज्योतीवर फिरवून बोथट करायच्या, आणि शेवटी ती काच तासन्‌तास हळूहळू थंड करायची. ही शेवटची पायरी चुकली तर काच दुकानात बसल्याबसल्या फुटते. फुंकरीचा जोर, रसाचं वजन, भट्टीचा रंग यातलं काहीच वहीत लिहून शिकवता येत नाही. ते एका माणसाने दुसऱ्याच्या शेजारी उभं राहूनच शिकायचं. म्हणून पैसा फंडाने काचेआधी कारागीर घडवायला घेतले हे फार शहाणपणाचं होतं.

१९१४ साली महायुद्ध पेटलं आणि ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल थांबला. एवढी मोकळी बाजारपेठ देशी काचेला आधी कधी मिळाली नव्हती. १९१६ साली कराडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. जागा दिली औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, ज्यांनी त्याआधी किर्लोस्करांनाही माळरान दिलं होतं. वस्तीला ओगलेवाडी नाव पडलं आणि तिथल्या ‘प्रभाकर’ कंदिलाने पुढची कित्येक दशकं मराठी घरांतल्या संध्याकाळी उजळल्या. नुसती काच नाही, पत्र्याच्या सांगाड्यासकट अख्खा कंदील देशी. आजीने राखेने घासून, धोतराच्या फडक्याने पुसून लख्ख केलेली काच कधीतरी अशाच एखाद्या माणसाच्या छातीतल्या हवेने फुगली होती.

त्या माणसाचं नाव मात्र कुठेच नाही. दूरदेशी याच नळीच्या नात्यातली एक गोष्ट घडली, ती इथे ताडून पाहण्यासारखी आहे. तापून न तडकणारी काच जर्मनीत ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधली. वाळूत बोरॉन मिसळलेली ही बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते. तिचं सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गॅसच्या दिव्यांच्या नळ्या. पुढे त्याच काचेच्या परीक्षानळ्या झाल्या, स्वयंपाकघरातली भांडी झाली, आणि अमेरिकेत काही कलाकारांनी त्या नळ्या ज्योतीवर मऊ करून गांजा ओढायचे पाइप घडवले. त्यांच्यात बॉब स्नॉडग्रास यांचं नाव गुरूसारखं घेतलं जातं. ग्रेटफुल डेड बँडच्या मैफलींमागे गाडी घेऊन फिरायचं, वाटेत काचकाम करायचं आणि विकायचं. सोन्या-चांदीची वाफ काचेवर बसवून रंग खुलवण्याची त्यांची पद्धत पुढच्या पिढीने उचलली. २००३ साली अमेरिकी सरकारने अशा पाइपांच्या विक्रेत्यांवर देशभर छापे घातले, तरी ही कला मेली नाही. आज त्यातले काही पाइप कलादालनात मांडले जातात, खाली कलाकाराची सही असते. एकाने एकच नग घडवला की सही राहते. हजार जणांनी लाख नग एकसारखे घडवले की त्यांच्यावर फक्त कारखान्याचा शिक्का उरतो, आणि तळेगाव-ओगलेवाडीचं मोठेपण तर त्या एकसारखेपणातच होतं.

आता वर्धा.

१९३४ साली गांधीजी वर्ध्याला आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत त्याचं ठाणं बसलं. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ ती मगनवाडी झाली. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा, मूळचे तंजावरचे, लंडनमध्ये हिशेबनीस झालेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. घाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या, चुली अशा गावातल्या वस्तू समोर ठेवून हा माणूस एकच हिशेब मांडायचा: यातला पैसा कुठून येतो आणि कुठे जातो?

कंदिलाचा हिशेब मांडला की काय दिसतं? काच तळेगावची किंवा ओगलेवाडीची असेल, पण आत जळणारं तेल? ते ब्रह्मदेशातून किंवा त्याहून दुरून येतं, मोठ्या परदेशी कंपन्यांच्या पिंपांतून. कंदील एकदा घ्यायचा, तेल रोज. म्हणजे नळीच्या एका टोकाला स्वदेशी आहे आणि दुसऱ्या टोकातून गावाचा पैसा रोज संध्याकाळी थोडाथोडा जळून जातो. आणि गावात तेल नव्हतं का? वर्ध्याच्या शेतात जवस होता, तीळ होता, कापसाची सरकी होती. घाणीवर बसलेला तेली होता, आणि त्याच्या दिव्याचं गिऱ्हाईक रॉकेलने कधीच नेलं होतं.

मगनवाडीने दिलेलं उत्तर म्हणजे ‘मगन दीप’, रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा कंदील. ऐकायला सोपं वाटतं, पण इंजिनिअरला यातली अडचण लगेच कळेल. रॉकेल पातळ असतं, वातीतून सरसर वर चढतं. तिळाचं किंवा जवसाचं तेल घट्ट. ते वातीत फार उंच चढत नाही, नीट जळलं नाही तर वातीवर कोळशाची टोपी धरते आणि काच काळी करतं. तेलाची पातळी, वात, हवा या सगळ्यांचं गणित नव्याने जुळवावं लागतं. आर्गांनी जिनिव्हात जो प्रश्न सोडवला तोच मगनवाडीत गावच्या तेलासाठी पुन्हा सोडवायला घेतला गेला.

कुमारप्पांनी पुढे या विचाराला नावं दिली. निसर्गात एकदाच साठलेलं, काढलं की संपणारं ते साठ्याचं अर्थशास्त्र; दरवर्षी उगवणारं ते प्रवाहाचं. कोळसा आणि खनिज तेल पहिल्यात, सरकी आणि तीळ दुसऱ्यात. साठ्यावर हक्क सांगायला माणसं युद्धं करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पटायला वर्ध्याला फार वाट पाहावी लागली नाही. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथलं तेल बंद झालं आणि आपल्या खेड्यांत रॉकेलचा दुष्काळ पडला. काच होती, वात होती, कंदील होता. तेल नव्हतं.

तरी मगन दीप जिंकला नाही. युद्ध संपलं, रॉकेल परत आलं, मागून वीज आली. त्या दिव्यात एक अवघड गाठही होती. जे तेल दिव्यात जळतं तेच भाजीच्या फोडणीत पडतं, आणि ज्याच्या घरी फोडणीलाच पळीभर तेल जपून वापरतात त्याला दिव्यासाठी ते जाळ म्हणणं सोपं नाही. दुसरी गाठ काचेची. गावात घाणी बसू शकते, पण हजार अंशांच्या पुढे तापणारी भट्टी आणि पिढीभर शिकलेले फुंकारी गावोगाव बसू शकत नाहीत. कंदील म्हटला की कारखान्याची काच आली. म्हणजे तेलाच्या टोकाला वर्ध्याचं बरोबर होतं आणि काचेच्या टोकाला तळेगावचं. दोघांनी मिळून एकच दिवा उजळावा असं मात्र मोठ्या प्रमाणावर कधी घडलं नाही.

पैसा फंडाची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, मगनवाडीची गोष्ट गांधीजयंतीला सांगतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पण काचेच्या नळीला दोन टोकं असतात. ती कोण फुंकतं हे एक, आणि तिच्यात काय जळतं हे दुसरं. ‘आपलं’ म्हणायचं तर दोन्ही पाहायला हवीत.

आता वर्ध्यात घरांच्या गच्च्यांवर सोलर पॅनल चढतायत. पुन्हा काचच आहे, फक्त नळीऐवजी सपाट. यावेळी टोकं उलटी झाली आहेत. आतले सेल अनेकदा चीनहून आलेले असतात. ते इथे कोण बनवणार, हा तळेगावचा प्रश्न अजून उभा आहे. पण त्या काचेवर पडणारं ऊन कुठल्या पिंपातून येत नाही. ते वर्ध्याचं आहे, आणि मे महिन्यात तर गरजेपेक्षा जरा जास्तच.