रुमालावरची चिठ्ठी



दरवर्षी १ जूनला आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळपासून केकची चित्रे पडू लागतात. एकाच तुकडीतल्या इतक्या जणांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा, याचे माझ्या मुलांना मोठे नवल वाटते. आपल्याला त्याचे उत्तर माहीत आहे. खेड्यावरून बाप पोराला घेऊन पहिलीत नाव घालायला यायचा. जन्मतारीख विचारली की सांगायचा, पोळ्याच्या मागेपुढे, नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसांत. जनरल रजिस्टरमधला रकाना तर रिकामा ठेवता येत नव्हता. मग गुरुजी पोराकडे एकदा पाहायचे, वर्षाचा अंदाज करायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे.

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा सहलींच्या आणि स्नेहसंमेलनांच्या आठवणी इतर जण माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील असे वाटले. मी त्या रकान्याविषयी लिहिणार आहे. मी इतिहासाची अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग केले आणि वीसेक वर्षे सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण त्यातली बरीच वर्षे जुने कागद स्कॅन झाल्यावर त्यांना गाव, तारीख, विषय, व्यक्तीचे नाव अशा खुणा लावण्याच्या कामात गेली. त्या कामात मी गुरुजींचीच चूक केली, आणि तीही हजारो पटींनी मोठी.

एका संस्थेच्या जुन्या कागदांसाठी मी माहिती भरण्याचा फॉर्म तयार केला होता. त्यात ‘दिनांक’ हा रकाना सक्तीचा ठेवला. तो भरल्याशिवाय पुढचा कागद उघडत नसे. मला वाटले, काम शिस्तीत होईल. काही महिन्यांनी सगळी यादी वर्षवार लावून पाहिली, तर हजारो कागद १ जानेवारी १९०० या एकाच दिवशी जन्मलेले! कागदावर तारीख नसली की माहिती भरणाऱ्या मुली तेवढी टाकून पुढे जात. त्यांना रोजचा आकडा गाठायचा होता. दोष त्यांचा नव्हता, माझ्या फॉर्मचा होता. ते कागद एकेक करून पुन्हा उघडावे लागले.

तेव्हापासून मी जुने दप्तर सांभाळणाऱ्यांनी हा प्रश्न कसा सोडवला ते वाचू लागले. त्याचा बराचसा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच आहे आणि काही तर आपल्या धुळ्यात.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. आज ते पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. त्याची मांडणी आपल्याला शब्दांवरूनही कळते. कागदांचे पुडके, पुडक्यांचा रुमाल, म्हणजे चौकोनी कापडात बांधलेला गठ्ठा, आणि आत काय आहे ते सांगणारी एक ओळ. कारकून आधी ती ओळ वाचायचा, मग रुमाल सोडायचा. आजच्या संगणकाच्या भाषेत जिला आम्ही वर्णन किंवा टॅग म्हणतो, ती हीच चिठ्ठी.

पण चिठ्ठी कोण लिहितो आणि कशासाठी, यावर पुष्कळ अवलंबून असते. इंग्रजांना या दप्तरातून मुख्यतः एक गोष्ट हवी होती. कोणाची जमीन खरोखर इनाम आहे आणि कोणाचा दावा पोकळ आहे? १८५२च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला तो तपास करण्याचा अधिकार मिळाला आणि त्या तपासाला सोयीची अशी कागदांची लावणी झाली. सारा आणि इनाम शोधणाऱ्याला ती उपयोगी पडली. राजकारणाची पत्रे शोधणाऱ्याला मात्र पुन्हा रुमालामागून रुमाल सोडावे लागले. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, त्यामागे ही उपसाउपशी आहे.

दुसरे नाव वि. का. राजवाडे यांचे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला. त्यात पानिपतच्या सुमाराची पत्रे आहेत. त्या काळच्या पत्रांत पुष्कळदा फक्त ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे आकडा आणि मुसलमानी महिना असतो. वर्ष नसते. मजकुरावरून, माणसांच्या नावांवरून, फौजेच्या मुक्कामांवरून वर्ष ठरवावे लागते. जिथे वर्ष असते तिथेही ते सरळ नसते. ‘इसन्ने अशर मयातैन व अलफ’ म्हणजे दोन, दहा, दोनशे आणि हजार. सुहूर सन १२१२. त्यात ५९९ मिळवले की १८११ येते. पण हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून जानेवारीनंतरच्या महिन्यांना ६०० मिळवायचे. सक्तीच्या एका रकान्यात हे कसे बसणार?

राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. शाळेच्या सहलीत आपण तिथे गेलो होतो. सर कपाटासमोर थांबून कागदांवरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवत होते आणि आपले सगळे लक्ष परतीच्या एसटीकडे होते. त्या चिठ्ठ्या लिहिण्यात माणसांचे आयुष्य गेलेले असते, हे कळायला मला पुढे वीस वर्षे लागली.

आता आपल्या घरापर्यंत येते. महसूल खात्याच्या ई-अभिलेख प्रकल्पात जुने सातबारे, फेरफार, खाते उतारे स्कॅन झाले. सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत ही सोय झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि गट नंबर टाकायचा की जुना कागद पडद्यावर येतो. ज्यांनी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांनाच याचे मोल कळेल. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. स्कॅन म्हणजे फोटो. फोटोत काय लिहिले आहे ते संगणक आपण होऊन जाणत नाही. त्यातून अक्षर मोडी आणि हाताचे असेल तर त्याची वाचा अजून कच्चीच आहे. शोधताना तो कागद वाचत नाही, कागदाला कोणीतरी लावलेली चिठ्ठी वाचतो. चिठ्ठी चुकली तर कागद सुखरूप असूनही हरवतो.

आणि आपल्याकडे चिठ्ठी चुकायला जागा भरपूर. १८८०च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आपल्या तालुक्याचे नाव पिंपळनेर आहे. तेव्हा जिल्हा खानदेश. १९०६ मध्ये त्याचे दोन भाग झाले आणि आपण पश्चिम खानदेशात गेलो. पुढे जिल्ह्याला धुळे हे नाव मिळाले. आपण दहावी झालो तेव्हा नंदुरबार आपल्याच जिल्ह्यात होते, ते १ जुलै १९९८ला वेगळे झाले. एकाच गावाचे कागद असे वेगवेगळ्या मथळ्यांखाली सापडतात. साक्री कुठे साकरी लिहिलेले असते, आणि साकरी नावाचे गाव भुसावळकडेही आहे. छडवेल म्हटले की विचारावे लागते, कोर्डे की पखरुण? म्हसदीपुढे कागदावर ‘प्र. नेर’ असते. ‘प्र.’ म्हणजे परगणे, हे पुण्यात बसून माहिती भरणाऱ्या मुलीला कोण सांगणार? ती बिचारी गाळून टाकते.

यात कोणाचे काय बिघडते, ते मला आपल्याच वर्गातल्या एका मित्राने दाखवून दिले. त्याचे नाव सांगत नाही. त्याच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. जात पडताळणीसाठी पुरावा हवा होता. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची नोंद लागते. त्याचे वडील शाळेतच गेले नव्हते, त्यामुळे दाखला नाही. उरले कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूची नोंदवही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हे नाव घरोघरी गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, हे आपण पाहिलेच आहे.

मित्राच्या गावचे पुस्तक स्कॅन झालेले होते. त्याने वडिलांचे नाव टाकून शोधले, काही नाही. आजोबांचे टाकले, काही नाही. फोनवर म्हणाला, “ताई, कागद शे, पन सापडत नही.” वर्गात मला नावाने हाक मारणारा हा मुलगा त्या दिवशी ताई म्हणाला, यावरून त्याची अवस्था समजा.

मी माझ्या १ जानेवारीची आठवण ठेवून त्याला सांगितले, नावाने शोधू नकोस. अर्ज करून सगळ्या पानांच्या प्रती घे. त्या नावाचे तालुक्यात दुसरे गाव आहे, त्याच्याही घे. मोडी येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना सोबत घेऊन आम्ही दोन रविवार व्हिडिओ कॉलवर पान न् पान पाहिले. नोंद सापडली ती दुसऱ्या गावाच्या नावाखाली. त्यात वडिलांचे नाव नव्हतेच. जन्माची नोंद बारशाआधी होई, म्हणून अमक्या वल्द तमक्याला मुलगा झाला, एवढेच. पुढे जमात स्पष्ट लिहिलेली. माहिती भरणाऱ्याने नावाच्या रकान्यात ‘अनामिक’ टाकले होते, आणि आजोबांचे ‘वल्द’ आडनावाच्या जागी जाऊन बसले होते! पहिले नाव, मधले नाव, आडनाव अशा तीन चौकटी करणाऱ्याला, म्हणजे माझ्यासारखीलाच, त्या काळी गावात आडनाव लिहीत नसत हे सुचले नव्हते.

प्रमाणपत्र झाले, पण मुदत टळून गेली होती. प्रवेश खुल्या प्रवर्गात गेला. त्या वर्षीच्या फीला कापसाचे पैसे पुरले नाहीत, त्याला उसने घ्यावे लागले. पोरगी शिकते आहे, एवढे समाधान.

या धड्यांतून मी काही नियम बांधले. ते माझ्या डोक्यातून निघालेले नाहीत. जगभर अभिलेख सांभाळणारे ते पाळत आले आहेत. पहिला, कागदावर जसे आहे तसेच लिहायचे. ‘पिंपळनेर’ असेल तर पिंपळनेर. आजचे नाव शेजारच्या वेगळ्या रकान्यात. दुसरा, कागद कोणत्या कचेरीतून, कोणत्या पुस्तकातून, कितव्या पानावरून आला ते कधीही तोडायचे नाही. फ्रान्सने १८४१ मध्येच हे तत्त्व आपल्या अभिलेखागारांना घालून दिले. मित्राची नोंद सापडली ती पुस्तकातली पाने ओळीने लावलेली होती म्हणून. तिसरा, रिकाम्या रकान्याला मान द्यायचा. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी १९९५ मध्ये झालेल्या बैठकीतून वर्णनाची जी पद्धत निघाली, तिला डब्लिन कोअर म्हणतात. तिचे पंधरा रकाने आहेत आणि त्यांतला एकही सक्तीचा नाही. ते मला आधी माहीत असते तर!

रिकामेही तीन प्रकारचे असते. कागदावर नोंदच नाही, नोंद आहे पण वाचता येत नाही, आणि अजून कोणी पाहिलेले नाही. तिघांना तीन वेगळ्या खुणा हव्यात. ‘अनामिक’ या एका शब्दाने तिन्ही झाकले जातात आणि पुढचा माणूस शोध सोडून देतो. चौथा नियम, अंदाज केला तर ‘अंदाजे’ लिहायचे आणि खाली आपले नाव घालायचे. गुरुजींना १ जूनपुढे ‘अंदाजे’ लिहायला जागाच नव्हती. आपल्याला आहे.

हे सगळे आज सांगण्याचे कारण आपली शाळा. कार्यालयाच्या कपाटात जनरल रजिस्टरे आहेत. जुन्यांची पाने कडांना तुटू लागली आहेत. गावोगावच्या पुष्कळ घरांत शिकलेली पहिली पिढी त्याच पानांवर आहे, आणि जातीच्या, वयाच्या, वारसाच्या कामासाठी लोक आजही त्यासाठी येतात. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून स्कॅनर घेण्याची सूचना आली आहे, ती चांगलीच आहे. पण स्कॅनरचे काम महिन्याभराचे, चिठ्ठ्या लिहिण्याचे काम वर्षाचे. ते पैसे देऊन बाहेरून करून घेऊ नये असे मला वाटते. कोणते गाव धरणात गेले, कोणत्या पाड्याला आधी काय म्हणत, कोणत्या घराने आडनाव बदलले, हे आपल्याला माहीत आहे, आणि आपल्यापेक्षा आपल्या बाईंना आणि सरांना. त्यांच्याकडून ते आताच लिहून घेतले पाहिजे.

फॉर्म मी तयार करून देते. त्यात सक्तीचा रकाना एकच असेल, रजिस्टर आणि पान क्रमांकाचा. रजिस्टरमध्ये जात आहे, जन्मतारीख आहे, घरची परिस्थिती आहे. म्हणून स्कॅन शाळेच्याच ताब्यात राहतील, ते इंटरनेटवर टाकायचे नाहीत. ज्याची नोंद त्याने मागितली की शाळेला ती पाच मिनिटांत काढता यावी, एवढाच हेतू.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन शाळेच्या कार्यालयात बसणार आहे. ज्यांना मोडी येते त्यांनी जरूर यावे. ज्यांना येत नाही पण आपल्या गावाची माहिती आहे, त्यांनी तर नक्कीच यावे. पहिल्या दिवशी १ जूनवाल्यांची पाने घेऊ. त्यांचे खरे वाढदिवस कोणाच्या आईला आठवत असतील, तर रजिस्टरमधली तारीख तशीच ठेवून शेजारी तेही लिहून ठेवू.