वडिलार्जित फटफटी

वडिलार्जित संपत्ति म्हटली म्हणजे घर, शेत, दागदागिने यांचीच आठवण प्रथम होते. परंतु इंग्लंडांतील कित्येक बेताच्या स्थितीच्या कुटुंबांत आजोबांच्या मागें परसांतल्या छपराखालीं एक गंजलेली मोटारसायकल उरते, आणि तिचें करावें काय हा प्रश्न वारसांपुढें उभा राहतो. विकावी, तर मन होत नाहीं. कारागिराकडे द्यावी, तर मजुरी गाडीच्या किंमतीच्याहि वर जाते. अशा गाड्यांत बी. एस. ए. कंपनीच्या एम-२० ची कथा ऐकण्यासारखी आहे.

बर्मिंगहॅमच्या बंदुका घडविणाऱ्या कारागिरांनीं १८६१ मध्यें ही कंपनी काढली. तोंवर त्या गांवच्या धंद्यांत बंदूक बहुतेक हातानेंच घडे. एकीचा घोडा दुसरीस बसेलच असें नसे. यंत्रांनीं बंदुका कराव्या, म्हणजे त्यांचे भाग परस्परांत बदलतां येतील, हा कंपनीचा हेतु होता. पुढें सायकली आल्या, १९१० मध्यें मोटारसायकल आली. टाकीवरील तीन बंदुकांचें चिन्ह कायम राहिलें, आणि भाग बदलतां येण्याची ती शिस्तहि.

व्हॅल पेज या कुशल अभियंत्यानें आंखलेली एम-२० ही गाडी १९३७ मध्यें निघाली. एकच सिलिंडर, ४९६ घन सेंटिमीटरांचें इंजिन, झडपा वर नसून बाजूस, शक्ति सुमारें १३ अश्वबळ, वजन दीडशे किलोहून अधिक. मागच्या चाकास धक्का सोसणारी स्प्रिंग मुळींच नाहीं. वेगाच्या शौकिनांनीं वळून पाहावें असें तिच्यांत कांहीं नव्हतें. परंतु लष्कराला वेगापेक्षां भरंवसा हवा होता, आणि दुसऱ्या महायुद्धांत अशा सुमारें १,२६,००० गाड्या सैन्याकडे गेल्या. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं स्मॉल हीथ येथील कारखान्यावर जर्मन बाँब पडून ५३ कामगार प्राणांस मुकले. उत्पादन तरीहि पुढें चालू राहिलें.

१९४२ मध्यें मलाया जपानच्या हातीं गेला व रबराचा तुटवडा पडला. तेव्हां हँडलच्या रबरी मुठींच्या जागीं कॅनव्हास आलें, आणि पाय ठेवण्याच्या दांड्या उघड्या लोखंडाच्याच राहिल्या. चकाकणारा क्रोमचा मुलामा तर युद्धकाळीं नव्हताच. गंमत अशी, कीं ही काटकसर आजच्या वारसाच्या पथ्यावर पडते. शांततेच्या काळांतील झगमगीत गाडी पूर्ववत् करावयाची, तर मुलाम्याचाच खर्च डोईजड होतो. युद्धांतल्या एम-२० ला मुलामा देणें हीच चूक ठरते.

युद्धानंतर लष्करानें हजारों गाड्या विकून टाकल्या. कामगारांनीं त्या घेतल्या, खाकीवर काळा रंग फांसला, शेजारीं साइडकार जोडली, आणि बायकामुलांसह सुटीच्या दिवशीं समुद्रकांठ गांठला. १९५९ मध्यें मिनी ही छोटी मोटार निघाल्यावर साइडकारचे दिवस सरत गेले व फटफटी छपराखालीं गेली. कंपनीहि १९७३ मध्यें कोसळली. मग सुटे भाग आणावयाचे कोठून? लष्करासाठीं माल इतका झाला होता, कीं त्याचा सांठा कित्येक वर्षें पुरला. पुढें कांहीं भाग भारतांतहि तयार होऊं लागले. २०१६ मध्यें तर बी. एस. ए. हें नांवच मुंबईच्या महिंद्र समूहाकडे आलें.

वारसानें काम हातीं घेतलें म्हणजे पहिली अडचण येते ती आट्यांची. जोसेफ व्हिटवर्थनें १८४१ मध्यें सुचविलेल्या मापाचे आटे आणि सायकलीच्या धंद्यांतील इंचास २६ आटे, दोन्ही या गाडींत शेजारीं शेजारीं नांदतात. आजचा मेट्रिक पाना लावून जोर केला, तर नटाचे कोपरे झिजतात. म्हणून व्हिटवर्थ मापाच्या जुन्या पान्यांचा संच ही पहिली खरेदी. इंजिन मात्र इतकें साधें आहे, कीं सिलिंडरचें डोकें उतरविणें, काजळी खरवडणें, झडपा घांसून बसविणें हीं कामें पुस्तक पुढें ठेवून घरच्या घरीं होतात. मॅग्नेटोची गोष्ट निराळी. त्याच्या वेटोळ्यांना लाखेचें वेष्टण असतें. वयानें व उष्णतेनें ती लाख पाघळते, आणि आंतील कंडेन्सर निकामी होतो. मग गाडी सकाळीं झटकन् सुरू होते, दोनतीन मैल धांवते व तापतांच बंद पडते. नवशिका बिचारा कार्ब्युरेटर उघडून बसतो! येथें कारागिराला पैसे द्यावेच लागतात.

खरा वाद आहे रंगाचा. पैसेवाला मनुष्य टाकी वाळूच्या माऱ्याखालीं देऊन लख्ख करून घेतो. ज्याला तें परवडत नाहीं तो काचकागद पाण्यांत भिजवून हातानें घांसत बसतो. आणि काळ्या थराखालून खाकी थर, व त्यावर कधीं कधीं 'सी' हें अक्षर व पुढें लष्करी नोंदीचे आंकडे हळुहळू वर येतात. वाळूच्या माऱ्यांत ते क्षणांत नष्ट झाले असते. सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक जुळत नाहींत म्हणून पुष्कळांस वाईट वाटतें. पण सैन्याच्या कर्मशाळांत बिघडलेलें इंजिन काढून दुसरें बसविण्याचा प्रघातच होता, तेव्हां हा विजोडपणा त्या गाडीच्या चाकरीचा दाखलाच मानावा. 'टिच' ॲलन यांच्या पुढाकारानें १९४६ मध्यें निघालेल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबानें कारखान्यांच्या रवानगीच्या नोंदी जतन केल्या आहेत. हे क्रमांक त्यांच्याशीं पडताळून पाहतां येतात. आजोबांनीं फांसलेला काळा रंग खरवडून सैनिकी खाकी आणावा, कीं तोच राखावा? लष्करांत गाडी कांहीं वर्षें होती. कुटुंबांत ती त्याहून कितीतरी अधिक काळ राबली. काळा रंग राखणारांची बाजू बळकट वाटते.

ब्रिटनमध्यें चाळीस वर्षांहून जुन्या गाडीस आतां रस्त्याचा कर पडत नाहीं, आणि मोठा फेरफार केलेला नसेल तर २०१८ पासून वार्षिक तपासणीचीहि सक्ति नाहीं. २०२१ पासून तेथील साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, व तें जुन्या रबरी नळ्या खातें. तपासणारा सरकारी मनुष्य नाहीं म्हणून जाणते लोक पहिला पैसा ब्रेकच्या अस्तरावर, टायरांवर व पेट्रोलच्या नळ्यांवर खर्चितात. रंगाचा डबा शेवटीं येतो, आणि पुष्कळ घरीं तो येतच नाहीं.