बडोद्याचे रस्ते आणि रुंदीकरणाचा विवेक

जुन्या नगरातील कोणताही रस्ता घ्या. त्याच्या कडेला एक अदृश्य रेघ असते. रेघेच्या अलीकडे सर्वांचा हक्क, पलीकडे कोणाचे तरी घर, दुकान किंवा देवस्थान. रुंदीकरण म्हणजे ही रेघ सरकविणे. नकाशावर ती पेन्सिलीने सहज सरकते. प्रत्यक्षात ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओट्यांवरून आणि कित्येकदा गाभाऱ्यांवरून जाते. म्हणून रुंदीकरणाचा विचार केवळ स्थापत्यशास्त्राचा नाही; तो न्यायाचाही आहे. या दृष्टीने बडोद्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव मोठा बोधप्रद वाटतो.

जुने बडोदे चार दरवाजांचे शहर. लहरीपुरा, पाणीदरवाजा, चांपानेर आणि गेंडी हे चार दरवाजे चार दिशांना आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या मध्यावर मांडवी. हे रस्ते पायी जाणाऱ्यांच्या, बैलगाड्यांच्या आणि मिरवणुकींच्या मापाने घडले. प्रबोधिनी एकादशीस विठ्ठलनाथजींचा आणि कार्तिकी पौर्णिमेस नरसिंहजींचा वरघोडा निघतो, तेव्हा त्या मापाचा अर्थ उमगतो. पालखीस जागा हवी, दोन्ही बाजूंच्या गवाक्षांतून दर्शन घडावे इतकी जवळीकही हवी. रस्ता फार अरुंद असेल तर मिरवणूक अडेल, फार रुंद असेल तर ती पोरकी दिसेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वत्र नगरसुधारणेचे वारे वाहू लागले. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद मार्ग काढण्यात आले. हवा खेळू लागली, यात संशय नाही. परंतु ज्यांची घरे गेली त्यांतील कित्येक गरीब कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली आणि एका ठिकाणची दाटी दुसऱ्या ठिकाणी गेली.

अशा काळात पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान हिंदुस्थानात आला. मुळात तो जीवशास्त्रज्ञ. १९१४ साली त्याने नगररचनेचे आपले प्रदर्शन इकडे पाठविले, तेव्हा ते नेणारे जहाज जर्मनांच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने बुडविले. गेडिसने खचून न जाता नवे प्रदर्शन उभे केले. पुढे मुंबई विद्यापीठात तो समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. सयाजीराव महाराजांच्या राज्यात बडोद्याच्या विकासाविषयी आणि विस्ताराविषयी त्याने लिहिलेला अहवाल १९१६ साली प्रसिद्ध झाला.

गेडिसची पद्धत वैद्याची होती. आधी निदान, मग उपचार. तो गल्लीबोळांतून पायी हिंडे. घर, विहीर, झाड, देऊळ, पडका वाडा यांची नोंद नकाशावर करी. नाडी न पाहता चाकू चालविणाऱ्या अभियंत्यांवर त्याचा रोष असे. वस्तीच्या छातीतून सरळ रुंद रस्ता काढण्याऐवजी एखादे मोडकळीस आलेले घर काढावे, अडलेली वाट मोकळी करावी, चांगली घरे आणि झाडे राखावीत, असा त्याचा आग्रह. या पद्धतीस त्याने जपणुकीची शस्त्रक्रिया अशा अर्थाचे नाव दिले होते.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांस विशेष रुचेल. होळकरांच्या इंदुरात काम करताना त्याने दिवाळीच्या मिरवणुकीस नगरसुधारणेचे साधन केले. ज्या भागातील लोक घरे आणि रस्ते अधिक स्वच्छ करतील, त्या भागातून मिरवणूक जाईल, असे जाहीर होताच लोकांनी आपण होऊन झाडलोट आणि डागडुजी केली. हुकुमाने जे झाले नसते ते उत्सवाने झाले. देवाची वाट मोकळी करावयाची म्हटल्यावर माणूस आपला ओटा थोडा मागे घेण्यास तयार होतो. मात्र त्यास आधी विचारलेले असले पाहिजे.

आता जुन्या शहरातून बाहेर, नगराच्या पूर्वेकडील महामार्गावर येऊ. दिल्ली-मुंबई हमरस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ आणि आताचा ४८, शहराच्या बाहेरून काढलेला होता. शहर वाढत वाढत त्याच्यापाशी येऊन ठेपले, आणि गोल्डन चौकडी, कपुराई, तरसाली, जांबुवा ही नावे रोजच्या बोलण्यात आली. अहमदाबादकडे जाणारा सुमारे ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २००४ मध्ये पूर्ण झाला. सुरतेच्या बाजूचा महामार्ग सहापदरी करण्यात आला. परंतु जांबुवा, पोर, बामणगाम येथील पूल अरुंदच राहिले. तीन रांगांनी धावत आलेली वाहने पुलाच्या तोंडाशी दोन रांगांत कोंबली जात आणि मागे कोसच्या कोस मालमोटारी खोळंबत. वर्षानुवर्षे प्रवाशांनी ही यातना भोगली.

यातील तत्त्व साधे आहे. रस्त्याची वाहनक्षमता त्याच्या सर्वांत रुंद भागावर ठरत नाही, सर्वांत अरुंद भागावर ठरते. घागरीचे पोट कितीही मोठे केले तरी पाणी गळ्याच्या मापानेच बाहेर पडते. पुलाआधीचे दहा किलोमीटर रुंद करण्यात जो पैसा आणि जी जमीन गेली, तिचे पूर्ण फळ पूल रुंद होईपर्यंत मिळू शकले नाही. शिवाय केवळ रुंदीही पुरत नाही. अमेरिकेत ह्यूस्टन नगराजवळचा केटी फ्रीवे २००८ च्या सुमारास अतिशय रुंद करण्यात आला. परंतु मोकळा रस्ता पाहून नवी वाहने आली, नव्या वसाहती झाल्या आणि काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. नाडी आधी पाहावी, हे गेडिसचे सांगणे हमरस्त्यासही लागू पडते.

निदानात चूक झाली तर पैसा जातो. न्यायात झाली तर माणसे जातात. १ मे २००६ रोजी बडोद्यातील चांपानेर दरवाजा भागात रस्तारुंदीच्या मोहिमेत महानगरपालिकेने एक जुना दर्गा पाडला. दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे प्राणास मुकली. दुसऱ्याच दिवशी गुजरात उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली आणि सार्वजनिक जागेवरील धार्मिक अतिक्रमणे भेदभाव न करता हटविण्याचा आदेश दिला. ४ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. त्याच प्रकरणात २९ सप्टेंबर २००९ रोजी जो आदेश झाला तो साऱ्या देशास बांधणारा ठरला : सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि अन्य सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च वा गुरुद्वारा यांच्या नावाने यापुढे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, आधीपासून असलेल्या वास्तूंचा विचार राज्य सरकारांनी प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासून करावा. काढावे, हलवावे की नियमित करावे, याचा निर्णय अशा तपासणीनंतर व्हावयाचा. आज आपल्या गावच्या कोपऱ्यावरील घुमटीस जी नोटीस येते, तिचा उगम बडोद्याच्या त्या रस्त्यावर आहे.

कायद्याने देवतेस विधिसंमत व्यक्ती मानले आहे. १९२५ साली कलकत्त्याच्या एका कुलदेवतेच्या स्थलांतराविषयी निर्णय देताना प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की, मूर्ती ही हलवून ठेवावयाची वस्तू नव्हे. स्थानाविषयी तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यास तिच्या वतीने निःस्वार्थी प्रतिनिधी असावा. अर्थात सार्वजनिक कामासाठी देवस्थानाची जमीन घेता येतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. इतकेच की ऐकल्याशिवाय घेऊ नये. महानगरपालिकेच्या १९४९ च्या अधिनियमातही रस्त्याची रेषा ठरविण्याची, रेषेबाहेर आलेल्या इमारतीच्या मालकास कारण दाखविण्याची संधी देण्याची आणि मोबदल्याची तरतूद आहे.

स्थलांतराची कल्पना आपल्या समाजास परकी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. भक्तांनी देव डोक्यावर घेतला, नव्या जागी विधिपूर्वक स्थापना केली. स्थान बदलले, परंतु देवत्व खंडित झाले नाही. जीर्णोद्धाराच्या शास्त्रात मूर्तीतील कला कलशात आणून पुनःप्रतिष्ठा करण्याचा मार्ग सांगितलेलाच आहे. देव हलू शकतो. त्यास भक्तांनी हलवावे, यंत्राने पाडू नये, एवढीच अपेक्षा. आणि ही अपेक्षा देवळासाठी जितकी रास्त, तितकीच दर्ग्यासाठी.

विश्वस्तांचे कर्तव्यही यातूनच निघते. देवस्थानाची सनद, सिटी सर्व्हेचा उतारा, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेतील नोंदणी ही कागदपत्रे कपाटात तयार असावीत. विकास आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो तेव्हा तो पाहावा आणि मुदतीत लेखी म्हणणे मांडावे. यंत्र दारात आल्यावर मोर्चा काढण्यात हशील नाही. रस्त्यावर नव्याने ओटा वाढविण्याचा मोह मंडळींनी टाळावा. आपले अतिक्रमण झाकून दुसऱ्याच्या अतिक्रमणाकडे बोट दाखविणाऱ्याची बाजू न्यायालयात लंगडी पडते.

शहरे वाढतील, रस्ते रुंद करावे लागतील. रुग्णवाहिकेस वाट मिळाली पाहिजे आणि मालमोटारीसही. या कामी गेडिसने बडोद्यास शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलेला क्रम पुरेसा आहे : आधी पायी फिरून पाहावे, मग राहणाऱ्यांस विचारावे आणि त्यानंतरच रेघ ओढावी.